खर्जातला भाऊ

अल्माटीपासून लांब, सीमेजवळच्या सारी-बुलाक गावात लग्न म्हटलं की पुलावाची कढई, नवरीची रडारड आणि मारामारी या तिन्ही गोष्टी यायच्याच. पहिल्या दोन वेळेवर व्हायच्या, तिसरीला मुहूर्त नसायचा. कोणी कोणाच्या पाण्याच्या पाळीवरून टोमणा मारायचा, कोणी कोणाच्या बायकोकडे जरा जास्त वेळ बघायचा, आणि बघता बघता बाकं उलटायची. अशा वेळी सिद्दिकच्या घरच्या वाजवणाऱ्यांना एकच हुकूम होता, आणि तो सिद्दिकचा नसून त्याच्या बायकोचा, तुर्सुनहानचा होता.

"हात थांबवायचा नाही," ती सांगायची. "वाजप बंद पडलं की लोकांना वाटतं, मुडदाच पडला. मग जे गप जेवत बसलेत ना, तेसुद्धा उठतात."

ती स्वतः डफ वाजवायची. हात असे की गावातले घिसाडी लाजावेत. नवरा सिद्दिक तंबूर छेडायचा, लांब मानेचा, बापाकडून आलेला. थोरला मुलगा तुरगान गिटार वाजवायचा आणि गायचा. लोक लग्नाची तारीख त्याला विचारून ठरवत. मुलगी सनेम गायची. आणि धाकटा सावुत, ज्याची ही गोष्ट, तो सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून बास गिटार वाजवायचा.

बास त्याच्या गळ्यात पडला तो असा. सरकारी क्लबातला वाद्यवृंद बंद पडला तेव्हा तुरगाननं तिथून हे धूड उचलून घरी आणलं. रशियन बनावटीचं, लाकूड असं जड की खांद्याला वळ उठावेत. "हे कोण वाजवणार?" बापानं विचारलं. तुरगान म्हणाला, "सावुत. नाहीतरी त्याच्या तोंडातून आवाज निघत नाही. हातातून तरी निघू दे." सगळे हसले, सावुतही हसला, आणि त्या दिवसापासून तो वाजवायला लागला. आठवडाभर तो ट्रकच्या डेपोत वेल्डिंग करायचा, शनिवार-रविवारी वाजवायचा. म्हाताऱ्या बायका तक्रार करायच्या, की हा पोरगा सुरू झाला की चहाच्या वाट्या थरथरतात. पोरं त्याला फ्रीज म्हणायची. फ्रीजसारखाच घुमतो म्हणून.

सोळाव्या वर्षी त्याला पहिला मार बसला. कोणाच्या तरी हातून सुटलेली चिनी मातीची वाटी येऊन भुवईवर फुटली. डोळ्यात रक्त उतरलं, समोरचं दिसेना. आईनं डफावर थाप मारून ओरडून सांगितलं, "दुसरा डोळा आहे ना? वाजव!" त्यानं वाजवलं. पुढे कितीतरी लग्नांत त्यानं माणसं एकमेकांचे दात पाडताना पाहिली, एका नवरदेवाच्या मामाला चहाच्या उकळत्या समोवारनं भाजलेलं पाहिलं, एका व्याह्याचा कान अर्धा लोंबताना पाहिला. बास वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे त्याला सगळं दिसतं. त्याची बोटं मात्र थांबली नाहीत.

मग रशियनांचा तो जुना मोठा देश मोडला. डेपोतले ट्रक सरकारचे होते ते कोणाचे झाले, हे लवकरच सगळ्यांना कळलं. ते झुनुनचे झाले.

झुनुन पूर्वी कुस्ती खेळायचा. मान आणि डोकं एकाच रुंदीचं. सीमेपलीकडून माल घेऊन येणारा प्रत्येक ट्रक त्याच्या माणसांना विचारून हलायचा, आणि ज्यानं विचारलं नाही त्याचा ट्रक रस्त्याकडेला जळताना दिसायचा, कधी चालकासकट. लग्नाला झुनुन आला की यजमान उठून उभे राहायचे. मानाची जागा त्याची, बकऱ्याचं मुंडकं त्याच्यापुढे.

त्या शरद ऋतूत एका लग्नात तो असाच मानाच्या जागी बसला होता. दुपार कलली होती, अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली पंगत बसली होती. सनेम गात होती. नवरा वारल्यापासून ती गडद रंगाचेच कपडे घालायची, पण आवाज तसाच उजळ राहिला होता. झुनुननं एक गाणं सांगितलं, तिनं म्हटलं. त्यानं परत तेच सांगितलं, तिनं परत म्हटलं. मग तो व्होडकाची वाटी घेऊन उठला आणि थेट वाजवणाऱ्यांपाशी आला.

"घे," तो म्हणाला. "गळा ओला कर."

"मी पीत नाही, झुनुन अका," थोरल्या भावाला हाक मारावी तशी सनेम म्हणाली.

"मी पाजतोय म्हटल्यावर पितात."

तिनं तोंड फिरवलं. झुनुननं वाटी तिच्या डोक्यावर ओतली. अगदी सावकाश, झाडाला पाणी घालावं तशी. केसांवरून, कपाळावरून, छातीवरून. त्याची माणसं खिदळली. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

तुरगाननं गिटार खाली ठेवलीच नाही. गळ्यात तशीच ठेवून त्यानं मायक्रोफोनचा लोखंडी स्टँड उचलला आणि झुनुनच्या खांद्यात घातला.

पुढचं सगळं एकदम झालं. झुनुनची चार-पाच माणसं तुरगानवर तुटून पडली. त्यांनी त्याला मांडवाच्या खांबावर आपटलं, खाली पाडलं, बुटांनी बरगड्या तुडवल्या. द्राक्षांचे घड तुटून त्याच्यावर पडत होते, ते चिरडत होते. बायका किंचाळत घरात पळाल्या. तुर्सुनहान डफ बडवत होती. "वाजव, सावुत! वाजव!" आणि सावुत वाजवत होता. भावाचं डोकं खांबाला लागत होतं तेही त्याला ठेक्यात ऐकू येत होतं. आजवर वाजवलं तसंच तो वाजवत राहिला.

तेवढ्यात म्हातारा सिद्दिक मध्ये पडला. तंबूर हातात घेऊनच तो उठला आणि म्हणाला, "पोरांनो, पुरे. लग्नाचं घर आहे." झुनुननं त्याच्या हातातून तंबूर हिसकला आणि त्याच्याच डोक्यावर हाणला. लाकूड फुटलं, तारा झणाणल्या, म्हातारा गुडघ्यावर बसला. कपाळाची कातडी सोललेल्या फळासारखी पुढे आली होती. झुनुननं तंबूरची उरलेली मान पुन्हा वर उचलली.

सावुतचा हात थांबला. त्यानं पट्टा खांद्यावरून काढला, बास मानेकडून दोन्ही हातांनी धरला आणि लाकडं फोडतात तसा फिरवला. पहिला घाव झुनुनच्या जबड्यावर बसला. कडकन आवाज झाला. दुसरा गळ्याजवळच्या हाडावर. झुनुन कढईतून काढलेल्या मांसासारखा खाली कोसळला, तोंडातून रक्त आणि दातांचे तुकडे. त्याची माणसं क्षणभर नुसती बघत उभी राहिली. त्यांना त्या कोपऱ्यातल्या माणसाचं नावदेखील ठाऊक नव्हतं. अँप्लिफायरची तार अजून लागलेलीच होती, त्यामुळे त्या दोन्ही घावांचा आवाज स्पीकरमधून सगळ्या मोहल्ल्यात गेला.

तेवढ्या क्षणात यजमानांनी आणि शेजाऱ्यांनी कडं केलं आणि सिद्दिकच्या घरच्यांना मागच्या दारानं बाहेर काढलं.

"पळून जा," सावुतची बायको हावाखान म्हणाली. "माझ्या मामाकडे जा. अल्माटीला जा. कुठेही जा."

"मी गेलो तर ते बाबांकडे येतील," सावुत म्हणाला. "नाहीतर तुझ्याकडे."

"मग?"

"मग काय. उद्या सोमवार आहे. कामावर जातो."

ते त्याच आठवड्यात आले. भर सकाळी, डेपोत. सावुत एका ट्रकच्या सांगाड्याखाली होता. आधी त्याला शेजारच्या माणसांची हत्यारं खाली ठेवल्याचे आवाज आले, मग पावलं, बाहेर जाणारी. ज्यांच्याबरोबर तो इतकी वर्षं एका भांड्यातून लगमनच्या शेवया खात आला होता ते सगळे निमूट निघून गेले. त्याला पाय धरून बाहेर ओढलं. झुनुन स्वतः आला होता. जबडा तारांनी बांधलेला, चेहरा सुजून काळानिळा. त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं फक्त कामाच्या टेबलावरच्या व्हाइसकडे बोट दाखवलं, ज्यात लोखंड घट्ट आवळून धरतात.

सावुत लढला. एकाचा कान त्यानं चावून काढला, दुसऱ्याच्या पोटात गुडघा घातला. पण ते बरेच होते. त्यांनी त्याचा डावा हात व्हाइसच्या जबड्यात धरला. झुनुननं हवेत बोट गोल फिरवलं. एकानं दांडा फिरवायला घेतला. सावुत ओरडला. पुढे लोक सांगत सुटले की सावुतनं हूं की चूं केलं नाही. ते खोटं. तो गुरासारखा ओरडला, आईच्या नावानं ओरडला, त्यांच्या पाया पडतो म्हणाला. झुनुन दर वेळी बोट गोल फिरवायचा आणि दांडा आणखी थोडा वळायचा.

मधलं बोट आणि अनामिका, ही दोन डॉक्टरांनी काढून टाकली. बाकीची वाचली.

मोहल्ल्याचा प्रमुख तेव्हा मासिम अका होता. लग्न-मयत, भांडण-तंटा, सगळं त्याच्या दारी यायचं, आणि त्याचा शब्द झुनुनसुद्धा उघडपणे मोडत नसे. डोक्याला फडकं बांधलेला सिद्दिक त्याच्याकडे गेला. मासिम अकानं दोन्हीकडची माणसं बोलावली, चहा मांडला, भाकरी मोडली आणि निवाडा दिला. एकाचा जबडा गेला, दुसऱ्याची बोटं गेली. पुरे. यापुढे कोणी हात उचलला तर त्याच्या मयताला मोहल्ला जाणार नाही. झुनुननं भाकरीचा तुकडा चहात बुडवून कसाबसा गिळला. सिद्दिकनंही खाल्ला. तुरगाननं तुकडा हातात घेतला, बघितला आणि बाहेर येऊन कुत्र्यापुढे टाकला.

तुरगानच्या बरगड्या भरून आल्या, डोकं मात्र ठिकाणावर आलं नाही. बाजारात कोणीतरी म्हणायचं, "काय तुरगान अका, धाकट्याची बोटं काय भावानं विकलीस?" की तो त्या माणसाची गचांडी धरायचा. त्या हिवाळ्यात त्यानं निदान सहा जणांना मारलं आणि त्याहून जास्त वेळा मार खाल्ला. गाताना त्याचा आवाज अचानक तुटायचा. दारू वाढली. आईनं एकदा भर अंगणात त्याला लाकडी चमच्यानं झोडपलं.

"तुझा भाऊ बोटं देऊन गप आहे आणि तू गमजा करतोस?"

"तो गप आहे म्हणूनच," तुरगान म्हणाला. "तो गप आहे ते मला सहन होत नाही, आई."

सावुत गप होता खरा, पण बसून नव्हता. तर्जनी, करंगळी आणि अंगठा एवढ्यावर तो पुन्हा बास शिकत होता. शेडमध्ये बसून, थंडीत, बोटांच्या खुंटांना कळा येत असताना. करंगळी ताणली की डोळ्यांत पाणी यायचं. पूर्वी चार बोटांनी जे सहज व्हायचं त्यासाठी आता सगळा हात उडी मारून न्यावा लागे. चुकलं की तो भिंतीवर डोकं आपटायचा. हावाखान दाराशी येऊन म्हणायची, "वेड्या, डोकं तरी राहू दे." तो पुन्हा सुरू करायचा. वसंत आला तेव्हा त्याला जुनी सगळी गाणी वाजवता येत होती. थोडी वेगळी, सूर कमी, पण ठेका पूर्वीपेक्षा दणकट. आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डफ मांडीवर ठेवून एवढंच म्हणाली, "हं. चालेल."

एप्रिलमध्ये मासिम अकाच्या नातीचं लग्न निघालं. त्यांच्या घरी वाजवायला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. झुनुनलाही आमंत्रण होतं. मासिम अकाला सगळ्या गावाला दाखवायचं होतं की त्याचा निवाडा टिकला.

सकाळी सामान लावलं. सावुतचा स्पीकर म्हणजे त्यानंच जोडलेलं एक भलंमोठं लाकडी खोकं, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, मागची फळी स्क्रूंनी बसवलेली. त्या खोक्याचा आवाज त्याला स्वतःच्या श्वासाइतका ओळखीचा होता. तार लावून त्यानं सर्वांत खालचा सूर वाजवला आणि खोकं खडखडलं. पुन्हा वाजवला. पुन्हा खडखड. वरच्या सुराला नाही, फक्त अगदी खालच्याला, जणू आत कोणी लोखंडाचा तुकडा ठेवलाय.

"काय झालं?" सनेमनं विचारलं.

"काही नाही. स्क्रू ढिला असेल."

पाहुणे यायला लागले होते. झुनुन आला, मानाच्या जागी बसला. जबडा बरा झाला होता, थोडा वाकडा. त्यानं सावुतकडे पाहून मान हलवली. सावुतनंही हलवली. वाजप सुरू झालं. तुरगान त्या दिवशी प्यायला नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याची दाढी केलेली होती, सदरा इस्त्रीचा होता, आणि तो गात असा होता की बायका पुलाव वाढायचं विसरून उभ्या राहिल्या. सावुतला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. तो मात्र वळून वळून त्या खडखडणाऱ्या खोक्याकडे बघत होता.

जेवणासाठी वाजप थांबलं. तुरगान हात धुवायला गेला. सावुतनं खोकं ओढत घरामागे नेलं, आचाऱ्याच्या चुलीजवळ, लाकडांच्या ढिगापाशी, आणि मागची फळी काढली. आत एका मफलरमध्ये गुंडाळलेली शिकारीची दुनळी बंदूक होती. नळ्या करवतीनं आखूड केलेल्या, भरलेली.

"ठेव ते," मागून तुरगान म्हणाला.

सावुत वळला. "भरलेली ठेवलीस. माझ्या खोक्यात. मी वाजवताना उडाली असती तर?"

"नाही उडाली ना? आण इकडे."

"समोर कोण बसलंय बघितलंस? बाबा बसलेत. मासिम अकाची नात बसलीये. दुनळीचे छर्रे एकट्या झुनुनला ओळखतात का?"

"मी जवळ जाऊन घालीन. त्याच्या तोंडातच घालीन."

"आणि मग?"

"मग काय? मग माझं काय व्हायचं ते होईल."

"तुझं नाही रे," सावुत म्हणाला. त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढला होता. "त्याची माणसं घरी येतील. सनेमकडे येतील. मी बोटं कशासाठी दिली? तुला गोळी घालायला मिळावी म्हणून?"

"तुझी बोटं माझ्यामुळे गेली! गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा ते मला ऐकवतं!"

"तुझ्यामुळे नाही गेली. मी मारलं म्हणून गेली. ते माझं आहे. माझं तरी मला ठेवू दे."

तुरगाननं झेप घेतली. दोघंही लाकडांच्या ढिगावर पडले. तुरगान अंगानं मोठा होता आणि त्याचे दोन्ही हात धड होते. त्यानं सावुतच्या कापलेल्या बोटांच्या खुंटांवर मुठीनं मारलं, मुद्दाम, जिथे दुखतं ते माहीत असल्यासारखं. सावुतच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. बंदूक सुटली. तुरगाननं ती उचलली आणि धावायला वळला. सावुतनं त्याचा पाय धरला, तो पडला, बार उडाला. छर्रे मातीच्या चुलीत घुसले. राख आणि निखारे कारंज्यासारखे उडाले, दोघांच्या मानेवर, हातांवर पडले. मोठी कढई कलंडून उकळतं तेल जमिनीवर पसरलं. आचारी हातातलं टाकून पळाला.

पुढच्या अंगणात क्षणभर शांतता पसरली. आणि मग तुर्सुनहानचा डफ कडाडला. लगेच त्यावर सनेमचा आवाज चढला. कोणीतरी म्हणालं, फटाके असतील, आणि कोणीतरी हसलं.

इकडे तुरगान अजून बंदुकीशी झटत होता. एक नळी शिल्लक होती. सावुतच्या हाताशी जर्दाळूच्या लाकडाचा फोडलेला ओंडका आला. तो भावाच्या पाठीवर गुडघा ठेवून बसला, त्याचा उजवा हात जमिनीवर दाबला आणि ओंडका मनगटावर आणला. एकदा. तुरगाननं बंदूक सोडली नाही. म्हणून दुसऱ्यांदा. हाड मोडल्याचं हातालाच कळलं. तुरगान ओरडायला लागला तसं सावुतनं त्याचं तोंड मातीत दाबून धरलं, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन तो रडत रडत एकच म्हणत होता, "ओरडू नकोस. ओरडू नकोस. मी आहे. ओरडू नकोस."

बंदूक त्यानं पाटाच्या खोल पाण्यात टाकली. भावाला सामान आणलेल्या ट्रकमध्ये बसवलं, हात टेबलक्लॉथनं गळ्यात बांधला, त्याच्या दातांत मफलरचा बोळा दिला. आचाऱ्याला शोधून काढलं, त्याचे खांदे धरून म्हणाला, "कढई उलटली, त्यावर तुरगान घसरून पडला. बरोबर?" आचारी लगेच म्हणाला, "बरोबर, सावुत अका. अगदी बरोबर." मग त्यानं मानेवरची राख पुसली, खोक्याची फळी बसवली आणि परत येऊन बास गळ्यात घातला. आईनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या सदऱ्यावरचं रक्त पाहिलं, थोरल्याची रिकामी जागा पाहिली. ठेका तेवढा वाढवला.

थोड्या वेळानं झुनुन त्यांच्यापाशी आला.

"तुझा भाऊ कुठंय? छान गात होता."

"पडला. हात मोडला."

"कसा पडला?"

"माझ्याच अंगावर पडला," सावुत म्हणाला.

झुनुननं त्याच्या भाजलेल्या मानेकडे, सुजलेल्या ओठाकडे, घरामागून येणाऱ्या धुराकडे एकेक करून पाहिलं. तो मूर्ख नव्हता. त्यानं सावुतच्या खांद्यावर हात ठेवला. सावुतला तो हात झटकून टाकावासा वाटला, तरी त्यानं तो राहू दिला. झुनुन म्हणाला, "वाजव." आणि परत जाऊन बसला.

पुढच्याच महिन्यात झुनुन मेला. सीमेच्या रस्त्यावर, त्याच्याच गाडीत, त्याच्याच धंद्यातल्या कोणीतरी त्याची गोळ्यांनी चाळण केली. पोलिसांनी ज्यांचं ज्यांचं झुनुनशी वाकडं होतं त्या सगळ्यांना उचललं. दोघा भावांनाही. ठाण्यावर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत रबरी नळीनं मारलं. पण तुरगानचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, त्याला स्वतःची विजारसुद्धा बांधता येत नव्हती, आणि बंदूक धरायची तर सोडाच, जेवण बायको भरवत होती, हे सगळ्या मोहल्ल्यानं सांगितलं. मासिम अका स्वतः ठाण्यावर गेला. दोघं सुटले. ठाण्याच्या दाराशी सावुत म्हणाला, "अका, चल, घरी जाऊ." तुरगाननं त्याच्याकडे पाहिलंही नाही. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं तो चालत गेला.

हात जुळला, पण वाकडा. गिटार पुन्हा धरता आली नाही. त्याहून जास्त त्याला एकच गोष्ट खात होती, असं सनेम पुढे सांगायची: झुनुनला मारलं ते दुसऱ्याच कोणीतरी. भावानं त्याला वाचवलं हे त्याला कळत होतं आणि म्हणूनच भावाचं तोंड बघवत नव्हतं. त्यानं बायको-मुलं घेतली आणि अल्माटीला जाऊन बाजारात हमाली धरली. सणाला सुद्धा आला नाही. सिद्दिक वारला तेव्हा आला, खांदा दिला, आणि माती झाल्यावर तिथूनच बस पकडून परत गेला.

इकडे सावुत, सनेम आणि आई वाजवत राहिले. तुरगानची गाणी सनेम गायची. लोक म्हणायचे, पूर्वीसारखं नाही. सावुतलाही ते माहीत होतं. काही वर्षांनी लग्नांतल्या मारामाऱ्या कमी झाल्या; पोरं कामासाठी दूर निघून गेली होती, मारायला उरलंच होतं कोण?

सावुतच्या मुलाची सुन्नत होती त्या दिवशी दुपारी तुरगान फाटकातून आत आला. सनेमनं त्याला किती फोन केले होते ते तिलाच ठाऊक. केस पांढरे झाले होते, हमालीनं खांदे आणखी रुंद झाले होते. अंगण पाहुण्यांनी भरलेलं. तो थेट सावुतपाशी गेला. सावुत हसून हात पुढे करत उठला, आणि तुरगाननं डाव्या मुठीनं त्याच्या नाकावर असा ठोसा दिला की तो खुर्चीसकट मागे कोसळला. हावाखान किंचाळली. शेजारचे दोघे बाह्या सारत उठले.

"बसा रे," जमिनीवरूनच सावुत म्हणाला. नाकातून रक्ताची धार लागली होती. "बसा. घरचं आहे."

तुरगान वर उभा राहून धापा टाकत होता. "दोनदा मारलंस," तो म्हणाला. "पहिल्यांदा मारलंस तेव्हा मी सोडणार होतो."

"खोटं बोलतोस. नव्हतास सोडणार."

तुरगानचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो खाली बसला, भावाशेजारी, मातीतच. खिशातून मळका रुमाल काढून त्यानं सावुतच्या नाकाला लावला.

"नव्हतो," तो म्हणाला.

तुर्सुनहान काठी टेकत आली. तिला आता कमी दिसायचं. "कोण पडलं?" तिनं विचारलं. "कोण मारतंय कोणाला?"

"मी आहे, आई," तुरगान म्हणाला.

तिनं हात लांब करून त्याचं डोकं चाचपलं, आणि हाताला लागल्यावर आधी एक सणसणीत टपली मारली. मग तिथेच डोक्यावर हात ठेवून ती उभी राहिली, बराच वेळ, पाहुण्यांची पर्वा न करता.

सोमवारी सावुत डेपोत गेला तेव्हा नाक वांग्यासारखं सुजलं होतं आणि डोळ्यांखाली काळं उतरलं होतं. विचारणाऱ्यांना तो हसायचा प्रयत्न करत सांगत होता, हसलं की दुखत होतं तरी.

"काही नाही रे," तो म्हणाला. "थोरला घरी आलाय."